नंदू भेंडे यांचा आवाज आणि आपले कान

मराठी रसिकापुढे नंदू भेंडे हे नाव काढले की तो आधी वडिलांची ओळख सांगतो. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव. बबन प्रभूंचा ‘झोपी गेलेला जागा झाला’ रंगमंचावर आणणारे, फार्स म्हणजे काय हे मराठी प्रेक्षकाला हसवत हसवत शिकवणारे भेंडे, त्यांचा हा मुलगा. मग जरा थांबून पुढचे वाक्य येते, ‘पण तो इंग्रजी गाणी म्हणायचा ना?’ या ‘पण’मध्ये आणि ‘ना’मध्ये बरेच काही आहे. थोडे कौतुक आहे, थोडा अचंबा आहे आणि एक तक्रारही आहे, की मराठी नाटकाच्या घरात जन्मलेल्या मुलाने गिटारच्या आणि रॉक संगीताच्या नादी का लागावे?

आम्हा मुस्लिम मराठी लोकांना हा ‘पण’ नवा नाही. आपल्याला तो दुसऱ्या बाजूने ऐकू येतो. ‘तुम्ही मुसलमान, पण मराठी किती स्वच्छ बोलता!’ असे म्हणणारा माणूस मनाने वाईट नसतो. त्याला आपले कौतुकच करायचे असते. पण आडनावावरून भाषा आणि धर्मावरून आवड ठरवण्याची त्याच्या कानाला सवय लागलेली असते. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे इतर कारणांबरोबर या सवयीचा कंटाळाही होता असे म्हटले तर फार चूक होणार नाही. म्हणून एका रॉक गायकाच्या आयुष्याचा आणि आवडीनिवडीचा विचार या पानांवर करणे आम्हाला अप्रस्तुत वाटत नाही.

नंदू भेंडे यांच्या आईकडे आपल्या समीक्षकांचे लक्ष फारसे जात नाही. आशा भेंडे या रंगभूमीवरील जाणत्या अभिनेत्री आणि लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक. माहेरच्या त्या लिली इझिकेल. इंग्रजीत कविता लिहिणारे निसीम इझिकेल यांच्या भगिनी. म्हणजे बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत वावरणाऱ्या आम्हा लोकांना इथे थांबणे भाग आहे, कारण हा समाज मूळ आपल्या याच मुलखातला. पूर्वीचा कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर अशी आडनावे त्यांनी घेतली, जशी आपल्या कोकणी मुसलमानांतही गावावरून आडनावे आहेत. त्यांचे प्रार्थनास्थान पेणला आहे, रोह्याला कुंडलिकेपलीकडे अष्टमीतही आहे. बोलण्यात ते आपल्या प्रार्थनास्थानाला ‘मशीद’ म्हणत. मुंबईचे मस्जिद स्टेशन ज्या ‘जुन्या मशिदी’वरून ओळखले जाते असे सांगतात, ती सॅम्युएल स्ट्रीटवरची ज्यूंची मशीद आहे, हे आमच्या वर्गातल्या मुलांना सांगितले की त्यांना आधी खोटेच वाटते.

त्यांच्या मलिद्याचेही तसेच. पोहे, ओला नारळ, साखर आणि फळे यांचा मलिदा करून ते एलियाहू नबीच्या नावाने दुआ मागतात. आपल्याकडे दर्ग्यावर मलिदा चढतो आणि हजरत इलियास यांचे नाव कुरआनातही आहे. शब्द तोच आणि नबीही तेच. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात, तिथे नवस बोलायला आजही लोक येतात. १९४८ नंतर यातली बहुतेक घरे इस्रायलला गेली आणि वस्त्या ओस पडल्या. आपल्या जिल्ह्याच्या बोलीतून एक सबंध लहजा उठून गेला आणि त्याची नोंद मराठी साहित्याने फार थोडी ठेवली.

पण या समाजाच्या संगीताबद्दल बोलल्याशिवाय नंदू भेंडे यांच्याकडे वळता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्रायलांनी मराठीत कीर्तने रचली. पूर्वरंग, आख्यान, साकी, दिंडी, सगळा साज हरिदासाचा. कथा मात्र इब्राहिम, युसूफ आणि मुसा यांच्या. या कीर्तनकारांच्या पहिल्या फळीत बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे नाव घेतात. अष्टमी तर त्यांच्या आडनावातच आहे. तौरातमधली गोष्ट आणि नारदाच्या गादीची चाल यांचा मेळ बसवताना त्या लोकांना आपण कुणाचे काही पळवतो आहोत असे वाटले नसावे. त्यांना गोष्ट सांगायची होती आणि आजूबाजूला गोष्ट सांगण्याची जी सर्वांत चांगली रीत होती ती त्यांनी उचलली. गाणे असेच फिरते. रॉक संगीत मुंबईत आले तेही काही वेगळ्या वाटेने आले असे आम्हाला वाटत नाही.

सत्तरच्या आगेमागे मुंबईत त्या संगीताचे बरेच वेड होते. सिगारेटच्या कंपनीने भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धा, १९७१ मध्ये मळवलीला, म्हणजे आपल्या खोपोलीच्या घाटावर, भरलेली ‘स्नेह यात्रा’, कुलाब्यातले ‘स्लिप डिस्क’ जिथे १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे रॉबर्ट प्लांट आणि जिमी पेज येऊन वाजवून गेले. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, जिमी हेंड्रिक्स, डीप पर्पल ही त्या पोरांची दैवते. वाजवणाऱ्यांत पारशी, गोव्याचे ख्रिश्चन, अँग्लो-इंडियन अधिक. त्यांच्यात एक भेंडे. ‘सॅव्हेज एनकाउंटर’, ‘वेल्व्हेट फॉग’ आणि मग ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या बँडमधून नंदू भेंडे गायले. ही मंडळी मुख्यतः विलायती गाणी जशीच्या तशी म्हणत. टीकाकार यालाच नक्कल म्हणतात, आणि तो आरोप सपशेल खोडून काढावा असे आम्हालाही वाटत नाही. स्वतःचे गाणे रचायला या पिढीने उशीर केला. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ची ‘ऑब्सेशन ७७’ ही तबकडी १९८१ मध्ये निघाली, तोवर चमूतले चेहरे बदलले होते आणि हवाही बदलली होती. २०११ मध्ये ती अमेरिकेतल्या कंपनीने पुन्हा काढली तेव्हा परदेशातले शौकीन तिच्यावर तुटून पडले. मुंबईतले तिचे मूळ श्रोते तोवर आजोबा झाले होते.

मात्र नक्कल हा शब्द वापरताना तराजू एकच हवा. गझल गाणारा मराठी मुलगा मेहदी हसनची एकेक मुरकी गळ्यावर चढवतो, त्याला आपण रियाज म्हणतो. नाट्यसंगीताचा विद्यार्थी बालगंधर्वांचा श्वाससुद्धा उचलतो, त्याला परंपरा म्हणतो. आणि रॉबर्ट प्लांटची किंकाळी उचलली की ती नक्कल! गुरू समोर बसून शिकवतो की तबकडीतून शिकवतो, एवढाच काय तो फरक.

तबकड्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरांकडेही पाहू. कोकणातले आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर खलाशी. पुढे आखाताची वाट खुली झाली आणि रोहा, म्हसळा, श्रीवर्धनपर्यंतच्या मोहल्ल्यांत टेपरेकॉर्डर आला. शेजारच्या कुठल्याही वाडीआधी तो आपल्या माळ्यावर आला. यंत्र जगातले उत्तम आणि त्यावर वाजत काय होते? कव्वाली, नात, हिंदी सिनेमाची गाणी आणि लग्नात बायकांनी ढोलकीवर म्हटलेल्या आपल्या कोकणी गाण्यांच्या घरगुती कॅसेटी. यात वाईट काही नाही. त्या घरगुती कॅसेटी आज कुणी जपल्या असतील तर त्यांचे मोल मोठे आहे. पण जगाचे दार घरात उघडले असताना त्यातून आपण आपल्याला ठाऊक असलेलेच ऐकले, हे लक्षात ठेवले पाहिजे. भेंड्यांच्या घरात मुलाने ते दार सताड उघडले आणि नाटकवाल्या आईबापांचे नाव त्याने काही कमी झाले नाही.

त्यांच्या दोन भूमिकांवर आमचा विशेष रोख आहे. पहिली १९७४ मधली. ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ ही अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांची संगीतिका ॲलेक पदमसी यांनी मुंबईत इंग्रजीत केली. पदमसी जन्माने कच्छी खोजा. नंदू भेंडे यांना त्यांनी यहुदाची, म्हणजे ज्युडासची भूमिका दिली. हजरत ईसा आपले पैगंबर आहेत, त्यांना रंगमंचावर उभे करणे आपल्या मनाला रुचत नाही आणि सुळावरची कथा आपण मानत नाही, हे इथे स्पष्ट म्हटलेले बरे. पण कलाकृती म्हणून पाहिले तर या संगीतिकेची सगळी धग यहुदाच्या तोंडी आहे. पहिले गाणे त्याचे. मरून परत येऊन भरगच्च कोरससह जाब विचारणारे शीर्षकगीतही त्याचेच. तो ज्याच्यावर प्रेम करतो त्यालाच प्रश्न विचारतो, आणि ते प्रश्न रॉकच्या चढ्या, फाटत जाणाऱ्या आवाजातच विचारता येतात. घोटीव, गोलाईदार आवाजाचे ते काम नव्हे.

याच यहुदाच्या नावाने युरोपने शतकानुशतके ज्यू समाजाला विश्वासघातकी म्हणून हिणवले. ज्यू आईच्या मुलाने त्या माणसाची बाजू गळ्याच्या शिरा ताणून मांडावी, यात आम्हाला मोठा अर्थ दिसतो. पदमसींनी तो योजला होता की आवाजाची पट्टी पाहून निवड केली होती, याने फरक पडत नाही. ‘गद्दार’ हा शब्द क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी नाक्यावर आपल्या मुलांच्या कानावर पडतो, तेव्हा त्याला उत्तर देण्यासारखा आवाज त्यांच्याजवळ नसतो. ती मुले मान खाली घालून घरी येतात. गोष्टीतल्या बदनाम माणसाला त्याचे म्हणणे पुरते मांडू देणे, हे त्या संगीतिकेने केले आणि नंदू भेंडे यांनी ते निभावले.

दुसरी भूमिका आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती मराठीतली. १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकादमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. जॉन गेने १७२८ मध्ये लंडनच्या चोर-भिकाऱ्यांवर ‘बेगर्स ऑपेरा’ लिहिला. त्यावरून १९२८ मध्ये बर्लिनला बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी ‘थ्री पेनी ऑपेरा’ केला आणि पन्नास वर्षांनी पु. ल. देशपांडे यांनी तो मराठीत आणला. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. पंढरपुरात जन्मलेले, व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ, ‘घाशीराम कोतवाल’मुळे आधीच गाजलेले. आदल्याच वर्षी त्यांनी ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांच्या जगण्याला महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे सूर दिले होते. कर्नाळ्याचा तो सुळका आपल्या पेणच्या लोकांना पनवेलला जाता-येता दिसतो. एका वर्षी ठाकरांचे गाणे आणि पुढच्या वर्षी रॉकचा गळा, अशी ही पंढरपूरच्या जब्बार पटेलांची आवड. तिला कुठल्या खणात बसवायचे ते ज्याने त्याने ठरवावे.

या नाटकात लावणीचा, नाट्यपदाचा बाज होता. चंद्रकांत काळे, माधुरी पुरंदरे यांच्यासारखे मराठी गळे होते. आणि गुंडांचा म्होरक्या अंकुश म्हणून नंदू भेंडे होते, आपल्या पाश्चात्त्य ढंगासह. तेव्हा आमचा जन्मही झालेला नव्हता. परंतु नाटकाचा घाट पाहिला तरी या निवडीतले शहाणपण कळते. ब्रेख्तचा आग्रह असा की प्रेक्षकाने गाण्यात वाहून जाऊ नये. गाणे आले की गोष्ट तुटावी आणि माणूस विचाराला लागावा. आता मराठी प्रेक्षकाला गाण्यात वाहून न जाऊ देणे ही किती अवघड गोष्ट! नाट्यपद सुरू झाले की त्याची मान डोलते, तान संपली की तो ‘वन्स मोअर’ मागतो, आणि गाणारा चोर आहे की साव याचे त्याला भान राहत नाही. तिथे असा आवाज हवा जो शब्दावर नक्षी काढत नाही. व्यंजनावर ठोका मारतो, ओळ अर्ध्यात तोडतो, कानाला परका वाटतो. जो परकेपणा एरवी दोष म्हणून मोजला गेला तोच इथे नाटकाची गरज झाला. पेटीवर बालगंधर्वांची पदे वाजवणाऱ्या पु.लं.च्या नाटकात हे घडले, हा त्यांच्या कानाचा मोठेपणा.

मराठी आणि रॉक यांचे जमत नाही असे सांगणारे एक कारण भाषेचेही देतात. इंग्रजीत शब्दाच्या एका अक्षरावर आघात येतो, त्यावर ढोलाचा ठोका नेमका बसतो. मराठीत अक्षरे बरीचशी सारख्या वजनाची. हे खरे आहे. उर्दूबाबतही ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण मग शाहिराची डफावरची फेक आठवा. बार्शीचे शाहीर अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत आवाज टाकत तेव्हा मराठी अक्षरांना वजन कुठून येई? ते गाणाऱ्याच्या छातीतून येते. अमर शेख १९६९ मध्ये गेले. त्यांचा पहाडी आवाज आणि रॉकचा आवाज यांत आम्हाला तरी घराण्याचे अंतर दिसत नाही. दोन्ही उघड्यावर, गर्दीसमोर, कुणाला तरी जाब विचारण्यासाठी तयार झालेले आवाज आहेत.

आणि परके म्हणजे काय, याचा हिशेब आपल्या पेण-रोह्यातच मांडून पाहावा. गणपतीच्या, लग्नाच्या, उरुसाच्या मिरवणुकीत आपल्याकडे बँजो पार्टी असते. टाइपरायटरसारख्या कळा दाबत तारा छेडायच्या, सोबत कॅसिओ, ऑक्टोपॅड, ढोल, मागे जनरेटर आणि कर्ण्यांची गाडी. कोळीगीत तिच्याशिवाय पुरे होत नाही, इतकी ती इथली. ते वाद्य म्हणजे बुलबुलतरंग, आणि त्याचे मूळ १९१२ च्या सुमारास जपानात निघालेले ताइशोगोतो. पेटी युरोपातून आली. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने ती आपली नव्हे म्हणून केंद्रांवर बंद ठेवली होती, आणि आज पेटीवाचून ना कव्वाली होते ना भजन. मग गिटारनेच काय घोडे मारले?

आमच्या वर्गात नववीतला एक मुलगा आहे, बँजो पार्टीत वाजवतो. उर्दू माध्यम, घरी कोकणी, बाहेर मराठी, मोबाइलवर मेटालिका. त्याला दोन्हीकडून ऐकून घ्यावे लागते. मोहल्ल्यात काही बुजुर्ग म्हणतात मौसिकी हराम. काही पोरे म्हणतात हे गोऱ्यांचे संगीत, तुझे काय त्यात. बुजुर्गांचा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. वाद्यांबाबत उलेमांत मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. दफला लग्नात बहुतेकांची हरकत नसते, समाअच्या अदबीवर इमाम गझालींनी सविस्तर लिहिले आहे, चिश्ती खानकाहांत कव्वाली चालत आली आहे, आणि तरी ज्याला पटत नाही त्याला न ऐकण्याचा पूर्ण हक्क आहे. ही दीनची चर्चा आहे, ती तिच्या जागी व्हावी. आमचा राग दुसऱ्या वाक्यावर आहे. ‘तुझे काय त्यात’ हे दीनमधून आलेले नाही. ते त्याच ‘पण’मधून आलेले आहे, जो आपण इतरांच्या तोंडून ऐकून दुखावतो.

नंदू भेंडे पुढे मालिका-जाहिरातींच्या संगीताकडे वळले. पोट तिथे होते. मराठीत त्यांच्या आवाजाला साजेसे दुसरे मोठे काम मिळाले नाही, याला मराठी रंगभूमीचा कोतेपणा म्हणावा की त्यांचीच उदासीनता, यावर दोन मते होऊ शकतात. आमचा कल पहिल्याकडे आहे. ‘तीन पैशाचा तमाशा’ने एक वाट पाडली होती. त्या वाटेवर पुढचा नाटककार आला नाही, कारण आपल्या लेखकांच्या कानात अजून पेटीच वाजत होती. मुस्लिम मराठी लेखकांनीही या बाबतीत काही वेगळे केले असे नाही. आपल्या कथांतून अजान ऐकू येते, कव्वाली ऐकू येते, पण नाक्यावर हेडफोन लावून बसलेला मुलगा नेमके काय ऐकतो आहे, हे आपल्या कथेला अजून ठाऊक नाही.

११ एप्रिल २०१४ रोजी नंदू भेंडे गेले. नव्वदी ओलांडलेले आत्माराम भेंडे तेव्हा हयात होते; ते पुढल्या वर्षी गेले. आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही यातले थोडे सांगितले. ज्यू आईचा आणि मराठी बापाचा मुलगा रॉक गायचा, हे ऐकून त्याला फार नवल वाटले नाही. त्याने एवढेच विचारले, की सर, तो गिटार स्वतः वाजवायचा की नुसता गायचा? सध्या तो स्वतः पनवेलहून आणलेली जुनी गिटार घेऊन बँजोवरची कोळीगीते तिच्यावर बसवतो आहे. आवाजाबद्दल शेजारी तक्रार करतात, त्यात दोन्ही आळ्यांतले लोक आहेत.